सीआरसी ही सीआरएची पहिली पायरी नाही

बी.फार्म. किंवा लाइफ सायन्सेसची पदवी हातात घेऊन ठाणे-नवी मुंबईत क्लिनिकल रिसर्चमधली पहिली नोकरी शोधणाऱ्यांसमोर दोन पदं हमखास येतात. एक क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, दुसरं क्लिनिकल रिसर्च असोसिएट. बोलताना सीआरसी आणि सीआरए. दोघांच्या तोंडी प्रोटोकॉल (औषधाची चाचणी, म्हणजे ट्रायल, कशी करायची याचा लेखी आराखडा), कन्सेंट (रुग्णाची संमती), डेव्हिएशन (त्या आराखड्यापासून झालेली फारकत) हेच शब्द असतात. दोघांनाही जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट आणि नैतिकतेनं चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्यामुळे घरच्यांनाच काय, नोकरीत नव्यानं रुजू झालेल्यांनाही दोन्ही कामं एकसारखी वाटतात. ज्यांना फरक कळतो, त्यांच्यातही एक समजूत पक्की असते: सीआरसी म्हणजे वर्ष-दीड वर्ष कसंबसं काढायची जागा, खरं करिअर सीआरए झाल्यावर सुरू होतं. ही समजूत चुकीची आहे, आणि तिचा त्रास शेवटी ट्रायलमधल्या रुग्णाला होतो, असं मला ठामपणे वाटतं.

आधी कोण कोणाचा माणूस, ते पाहू. सीआरसी रुग्णालयात बसतो. पगार रुग्णालय देत असेल किंवा रुग्णालयांना मनुष्यबळ पुरवणारी एखादी एसएमओ, पण काम मुख्य संशोधक डॉक्टरांच्या, म्हणजे पीआयच्या देखरेखीखाली चालतं. सीआरए हा औषध कंपनीचा, म्हणजे स्पॉन्सरचा, किंवा ट्रायलचं काम पाहायला स्पॉन्सरनं नेमलेल्या कंपनीचा, म्हणजे सीआरओचा माणूस. त्याचं ऑफिस ऐरोलीला किंवा वागळे इस्टेटमध्ये असू शकतं, आणि तो ज्या साइट, म्हणजे ट्रायल चालणारी रुग्णालयं, तपासतो त्या नेरुळला, कामोठ्याला किंवा थेट नागपूरला, इंदूरला. सीआरसी काम करतो, सीआरए ते तपासतो. एकाच माणसानं एकाच ट्रायलमध्ये दोन्ही करायचं नाही, यावरच सगळी व्यवस्था उभी आहे.

सीआरसीचा दिवस बहुतेक वेळा फोननं सुरू होतो. "काका, उद्या सकाळी उपाशीपोटी या. सकाळची गोळी घरी घेऊ नका, इथं रक्त दिल्यावर घ्यायची आहे. उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटंसुद्धा घेऊन या." यातल्या प्रत्येक वाक्यामागे प्रोटोकॉलचं एक कलम आहे. व्हिजिट ठरलेल्या दिवसाच्या दोन-तीन दिवस मागेपुढेच चालते, म्हणून तारीख सांभाळायची. नमुना ठरलेल्या वेळात सेंट्रिफ्यूज करून ड्राय आइसमध्ये कुरिअरच्या हवाली करायचा. परत आलेल्या गोळ्या मोजून हिशेब जुळवायचा, औषधाच्या फ्रिजचं तापमान रोज नोंदवायचं, एथिक्स कमिटीची, म्हणजे ट्रायलची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची पत्रं, रुग्णाचं प्रवासभाडं, आणि हे सगळं आधी सोर्समध्ये, म्हणजे मूळ कागदांवर, आणि मग ईडीसीत, म्हणजे ट्रायलच्या संगणकीय नोंदवहीत, भरायचं.

कन्सेंटचं तर वेगळंच. संमती घेण्याची जबाबदारी डॉक्टरांची. पण एथिक्स कमिटीनं मान्य केलेली मराठी फॉर्मची योग्य आवृत्ती समोर आहे का, रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हजर आहे का, नव्या रासायनिक घटकाची ट्रायल असून रुग्ण दुर्बल गटातला असेल तर नियमानुसार दृकश्राव्य रेकॉर्डिंग सुरू आहे का, हे बघणारा सीआरसीच असतो. डॉक्टर ओपीडीत परत गेल्यावर उरणच्या मावशी हळूच विचारतात, "नाही म्हटलं तर इथले उपचार बंद होतील का गं?" हा प्रश्न सीआरसीलाच विचारला जातो. उत्तर आहे, "नाही, मावशी, अजिबात नाही. मधेच सोडलंत तरी नाही." ते ठामपणे आणि समजेल अशा मराठीत देता येणं, आणि शंका उरली असेल तर डॉक्टरांना पुन्हा बोलावणं, हे या कामातलं खरं कसब.

सीआरए रुग्णाशी असा बोलत नाही. तो संमती घेत नाही, आणि साइटच्या नोंदींत एक आकडाही स्वतः बदलत नाही. ट्रायल सुरू होण्याआधी तो साइट योग्य आहे का ते पाहतो, मग सुरुवातीची इनिशिएशन व्हिजिट करतो, ट्रायल चालू असताना मॉनिटरिंगच्या व्हिजिट आणि शेवटी क्लोज-आउट. प्रत्येक व्हिजिटनंतर रिपोर्ट आणि साइटला पाठपुराव्याचं पत्र. मूळ कागद आणि ईडीसी ताडून पाहणं हा त्यातला सर्वांना ठाऊक असलेला भाग. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. सीआरसीला एक साइट आतून दिसते, सीआरएला अनेक साइट शेजारी-शेजारी दिसतात. एका साइटवर सगळ्या रुग्णांच्या रक्तदाबाचे आकडे शून्यावरच का संपतात, दुसऱ्या साइटवर एकाही रुग्णाला साधी डोकेदुखीसुद्धा का होत नाही, असे प्रश्न त्यालाच पडू शकतात. ही नजर यायला वर्षं लागतात, आणि एक्सेलचे तक्ते भरून ती येत नाही.

दोन्ही कामं एकाच घटनेत कशी वेगळी पडतात, ते बघा. समजा मधुमेहाच्या ट्रायलमधला एक रुग्ण डेंगीनं आजारी पडला आणि घरच्यांनी त्याला कळव्यात घराजवळच्या रुग्णालयात दाखल केलं. डेंगीचा आणि ट्रायलच्या गोळीचा काय संबंध, म्हणून कोणी कळवलं नाही. सीआरसीनं पुढच्या व्हिजिटची आठवण करायला फोन केला, तेव्हा त्याच्या पत्नीनं सहज सांगितलं, "ते ॲडमिट आहेत ना." इथे सीआरसीला क्षणात कळायला हवं की रुग्णालयात दाखल होणं म्हणजे एसएई, गंभीर प्रतिकूल घटना. औषधाशी संबंध आहे की नाही, तो निर्णय नंतरचा. न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स, २०१९ नुसार संशोधकानं अशी घटना २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरणाला, स्पॉन्सरला आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते. उशीर झाला तर त्याची कारणं द्यावी लागतात. विश्लेषणासह अहवाल १४ दिवसांत पाठवायचा असतो. रविवार असो, गणपती असोत, पीआयला फोन, त्या रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलणं, ट्रायलचं औषध थांबवायचं की नाही हे पीआयकडून ठरवून घेणं, कागद गोळा करणं, ही सगळी धावपळ सीआरसीच्या पदरी पडते.

सीआरएला साइटकडून सूचना मिळते, आणि पुढच्या व्हिजिटला तो डिस्चार्ज कार्ड वाचतो. साइटला पहिल्यांदा कधी कळलं? तिथून २४ तास मोजले गेले का? दाखल असताना दिलेली औषधं ईडीसीत आली का? डिस्चार्ज कार्डावर दाखल झाल्याची तारीख १४ आणि ईडीसीत १५ असेल तर तो क्वेरी, म्हणजे खुलासा मागणारा प्रश्न, टाकेल. बरोबर उत्तर त्याला डोळ्यांसमोर दिसत असलं तरी दुरुस्ती साइटच करणार. कागदावर असेल तर एक आडवी रेघ, मूळ आकडा वाचता येईल असा, बाजूला सही आणि तारीख. सीआरसीचं कौशल्य त्या फोनवरच्या एका वाक्यातला धोका ऐकण्यात आहे, सीआरएचं कागदांमधली विसंगती हेरण्यात. यातलं कोणतं वरचं आणि कोणतं खालचं?

तरी उतरंड तयार झाली आहे, आणि तिला कारणं आहेत. सीआरएचा पगार साधारणपणे जास्त असतो, कंपनीचं नाव मोठं असतं, बढतीची वाट स्पष्ट असते: सीनियर सीआरए, लीड, प्रोजेक्ट मॅनेजर. सीआरसीला अनेक ठिकाणी वर्षावर्षाचं कंत्राट, ट्रायल संपली की नोकरी संपली, आणि बढतीला पुढचं पदच नाही. खुद्द जीसीपीच्या मजकुरातही हे दिसतं. आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ई६ या जीसीपी मार्गदर्शक तत्त्वांच्या २०१६च्या आर२ आवृत्तीत ५.१८ हे अख्खं कलम मॉनिटरिंगचं आहे, मॉनिटरची, म्हणजे सीआरएची, निवड आणि पात्रता धरून. कोऑर्डिनेटरसाठी तसं कलम नाही. तो संशोधकाच्या चमूत धरलेला आहे, पीआयनं सही केलेल्या डेलिगेशन लॉगमधली, म्हणजे कोणतं काम कोणाकडे याच्या यादीतली, एक ओळ म्हणून.

मात्र ज्या संस्था या व्यवसायातल्या लोकांच्या परीक्षा घेतात, त्यांनी सीआरसीला पायरी मानलेलं नाही. अमेरिकेतली एसीआरपी ही संस्था १९७६ पासून आहे. तिच्या सीआरसींसाठी सीसीआरसी आणि सीआरएंसाठी सीसीआरए या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दोन्हींसाठी साधारण ३,००० तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणजे पूर्णवेळ नोकरीचं दीड वर्ष धरा. एकीत तो साइटवर पीआयच्या देखरेखीखालचा, दुसरीत साइटच्या चमूपासून स्वतंत्र राहून केलेला. मिळालेलं प्रमाणपत्र दर २ वर्षांनी टिकवावंही लागतं. १९९१ साली सुरू झालेली सोक्रा ही संस्था सर्वांना मिळून सीसीआरपी हे एकच प्रमाणपत्र देते, ते ३ वर्षं चालतं. या कुठल्याही परीक्षेला नवशिक्यानं घाई करू नये. आणि ऑनलाइन जीसीपी कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे या परीक्षा नव्हेत. तो कोर्स काही तासांत होतो, चांगले कोर्स फुकटही मिळतात, आणि तो सगळ्यांकडेच असतो. शंभर टक्के प्लेसमेंटची हमी देणाऱ्या डिप्लोमाला घरचे लाखभर रुपये देण्याआधी त्या संस्थेतून बाहेर पडलेल्या दोन-तीन जणांना गाठून विचारा की साइटवर प्रत्यक्ष किती दिवस नेलं होतं.

सीआरसी टिकले नाहीत तर काय होतं, हे कॅन्सरच्या ट्रायलमध्ये सगळ्यात स्पष्ट दिसतं. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे. टाटा मेमोरियल, आयआयटी मुंबई आणि इम्युनोॲक्ट ही कंपनी यांच्या कामातून भारतातली पहिली स्वदेशी कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार१९, उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सीडीएससीओची, म्हणजे केंद्रीय औषध नियामकाची, मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पेशींमध्ये जनुकीय बदल करणाऱ्या अशा उपचारांनंतर १५ वर्षांपर्यंत पाठपुरावा ठेवावा, अशी अमेरिकेच्या एफडीएची शिफारस आहे. कुठल्याही साइटवर १५ वर्षं रुग्णाचा पत्ता, बदललेला मोबाइल नंबर, गावी गेलेलं कुटुंब आणि त्यांचा विश्वास सांभाळायचा असेल, तर दर वर्षी नवा सीआरसी येऊन कसं चालेल? नवा माणूस फाइल वाचून घेईल. पण या आजी कुणाच्या फोनला उत्तर देतात आणि कुणाच्या नाही, हे फाइलमध्ये नसतं.

शिकण्याच्या आणि भेटण्याच्या जागांतही असाच असमतोल आहे. सीआरएला कंपनीचं ट्रेनिंग, अनुभवी सीआरएबरोबर को-मॉनिटरिंग, वर विचारायला लाइन मॅनेजर. २००५ साली सुरू झालेली आयएससीआर, म्हणजे इंडियन सोसायटी फॉर क्लिनिकल रिसर्च, परिषदा आणि प्रशिक्षणं घेते आणि तिथे दोघांनाही खूप शिकायला मिळतं. पण एका विभागात एकटाच सीआरसी असेल तर त्यानं रजा घेतल्यावर व्हिजिट कोण सांभाळणार? म्हणून जवळच्या जवळ भेटणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. ट्रान्स-हार्बरवर ठाण्यापासून नेरुळपर्यंत किती साइट आहेत! महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी वाशीत आठ-दहा सीआरसी जमले तरी पुष्कळ. प्रोटोकॉल आणि रुग्णाची माहिती गोपनीय, त्याबद्दल अवाक्षर नको. पण वीज गेल्यावर फ्रिजच्या तापमानाची नोंद कशी करता, प्लासिबो (औषध नसलेली गोळी) आणि रँडमायझेशन (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणं) मराठीत कसं समजावता, रजेवर जाताना चार्ज कसा देता, हे बोलायला कुठलाच करार अडवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ई६ ची आर३ आवृत्ती मंजूर झाली. सरसकट सगळं तपासण्यापेक्षा ट्रायलच्या दर्जासाठी जे कळीचं आहे त्यावर लक्ष ठेवा, हा तिचा भर. ती एकट्यानं वाचण्यापेक्षा दोन सीआरसी आणि एक सीआरए एकत्र बसून वाचतील तर तिघांनाही जास्त कळेल.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी उलट प्रश्न जरूर विचारावेत. सीआरसीच्या जागेसाठी: नेमणूक रुग्णालयाची की एसएमओची? एका वेळी किती ट्रायल आणि किती रुग्ण सांभाळायचे? पीआय आठवड्यातून किती वेळ ट्रायलला देतात? मी रजेवर असताना एसएईचा फोन कोण घेणार? ट्रायल संपल्यावर पुढच्या ट्रायलचं काय ठरलंय? सीआरएच्या जागेसाठी: किती साइट, महिन्यातल्या किती रात्री बाहेरगावी, एकट्यानं पाठवण्याआधी किती को-मॉनिटरिंग व्हिजिट, रिपोर्ट कोण तपासतं आणि किती दिवसांत द्यायचा? आणि दोन्हीकडे: परीक्षेची किंवा परिषदेची फी भरता का, त्यासाठी सुट्टी देता का? उत्तर होकारार्थी आलं तर ते नेमणूकपत्रात लिहून घ्या.