सावळा चेहरा पडद्यावर ‘उठत नाही’?

“सावळा माणूस कॅमेऱ्यात चांगला दिसत नाही, म्हणून नायिका गोरीच घेतात,” हे वर्षानुवर्षं फिरतंय. पण दोष रंगाचा नाही, मोजमापाचा आहे. कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी काढून ती मध्यम करड्यावर आणतो. मागे मालवणची चकाकती वाळू असली की कॅमेरा उजेड कापतो आणि चेहरा काळवंडतो. गोराही काळवंडतोच, फक्त लक्षात कमी येतं.

पडताळून पाहा. दुपारी एकाच माणसाला आधी समुद्राकडे पाठ करून, मग माडाच्या सावलीत जांभ्याच्या भिंतीपुढे उभं करा. मोबाईलवर चेहऱ्यावर बोट टेकवा, उजेडाची पट्टी जराशी वर सरकवा. बाजूने पांढरा पंचा धरलात तर गालाची ठेवणही दिसते.

रंगीत फिल्मवरून फोटो छापताना रंग जुळवायचे नमुनेही पूर्वी बहुतेक गोऱ्या चेहऱ्यांचेच असत. यंत्राला ती सवय माणसांनीच लावली. आणि हो, पावडर थापू नका, तिने चेहरा राखाडी पडतो.