आयबीकडे माहिती मागताय? अर्ज टाकण्याआधी कलम २४ नीट समजून घ्या

दहशतवादाविरोधात आपली देशांतर्गत गुप्तचर यंत्रणा नेमकं काय करते, हे विचारायला इंटेलिजन्स ब्युरोकडे, म्हणजे आयबीकडे, माहिती अधिकारात अर्ज टाकणारे पुष्कळ असतात. कुणी एम.ए.चा प्रबंध लिहीत असतो, कुणी पत्रकार असतो, कुणाच्या घरचं माणूस स्फोटात गेलेलं असतं. बहुतेकांना कलम २४ चा हवाला देणारं छोटंसं पत्र येतं आणि अर्जदार तिथेच हात टेकतो. निम्म्या वेळा चूक प्रश्नात नसते, तो कुणाला विचारला आणि कसा लिहिला यात असते.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या दुसऱ्या अनुसूचीत ज्या गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांची नावं आहेत, त्यांना कलम २४ ने या कायद्याबाहेर ठेवलं आहे. यादीत पहिलंच नाव आयबीचं. २०११ मध्ये सीबीआय, एनआयए (दहशतवादी गुन्ह्यांचा तपास करणारी राष्ट्रीय तपास संस्था) आणि नॅटग्रिड (गुप्तचर माहितीसाठी वेगवेगळे डेटाबेस जोडणारी यंत्रणा) ही नावं जोडली गेली. एनआयए आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्धीपत्रकं टाकते, म्हणून ती अर्जालाही उत्तर देईल असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. राज्य सरकारंही आपापल्या यंत्रणांना राजपत्रात अधिसूचना काढून वगळू शकतात, तेव्हा राज्य पोलिसांच्या एखाद्या शाखेकडे अर्ज करण्याआधी ती अधिसूचना शोधा.

आता मुद्द्याची गोष्ट. आयबी स्वतः बोलत नाही. १८८७ पासूनची संस्था, पण तिच्या भरतीची जाहिरातसुद्धा गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येते. ब्रिटनची देशांतर्गत गुप्तचर संस्था एमआय५ हिचे प्रमुख जाहीर भाषण करतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी मार्च २०१७ पासून हल्ल्याच्या तोंडाशी आलेले ४३ कट उधळल्याचं सांगितलं. ते वाचून आपले विद्यार्थी तसाच आकडा इथे मागतात. (तिथेही हे त्यांनी आपणहून सांगितलेलं असतं, एमआय५ ला तिथला माहितीचा कायदा लागू नाही.) आपल्याकडे आयबीच्या वतीने तोंड उघडतं ते गृह मंत्रालय: संसदेतली उत्तरं, वार्षिक अहवाल, अर्थसंकल्पातल्या अनुदानाच्या मागण्या. आयबीच्या शताब्दी व्याख्यानमालेत २३ डिसेंबर २००९ रोजी तेव्हाचे गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी २६/११ नंतर मल्टी एजन्सी सेंटर (वेगवेगळ्या यंत्रणांची गुप्त माहिती एकत्र आणणारं केंद्र) कसं बळकट केलं, हे बऱ्याच तपशिलात मांडलं होतं. बंदी घातलेल्या संघटनांची यादीही मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. हे सगळं फुकट मिळतं, अर्जाशिवाय. आधी ते चाळा. निम्मे अर्ज करायची गरजच उरत नाही.

तरीही अर्ज करायचाच असेल तर तो गृह मंत्रालयाच्या केंद्रीय जन माहिती अधिकाऱ्याकडे करा. इथे एक सापळा आहे. अर्जात ‘आयबीने किती इशारे दिले’ असं लिहिलंत, की कलम ६(३) खाली तो पाच दिवसांत आयबीकडे वर्ग होतो आणि तिथून कलम २४ चं पत्र येतं. म्हणून मंत्रालयाच्या स्वतःच्या अभिलेखात असलेला कागद मागा: अमुक तारखेचं परिपत्रक, अमुक तारांकित प्रश्नाच्या उत्तराची प्रत, अमुक योजनेवरचा वर्षनिहाय खर्च. ‘कारवाई का झाली नाही?’ हा प्रश्न कितीही रास्त असला तरी या कायद्यात बसत नाही. अधिकाऱ्याने असलेली नोंद द्यायची असते, खुलासा करायचा नसतो. देशाच्या सुरक्षेला बाधा येईल म्हणून कलम ८(१)(क) खाली मंत्रालयही नकार देऊ शकतं. तेव्हा जो भाग देता येतो तो कलम १० प्रमाणे वेगळा काढून द्या, असं अर्जातच लिहून ठेवा.

फीमध्ये महाराष्ट्रातले लोक हमखास अडकतात. राज्याच्या कार्यालयांत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, केंद्रात चालत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, तीही ‘अकाउंट्स ऑफिसर’च्या नावे भरलेली. ‘घेणाऱ्याचं नाव तेच टाकतील’ म्हणून कोरी पाठवू नका. त्यापेक्षा केंद्राच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलवरून भरणं सोपं, परदेशातल्यांनाही. मात्र अर्जदार भारतीय नागरिक हवा. ओसीआय कार्डवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, हा हक्क नाही. राज्यात १५० शब्दांची मर्यादा आहे, केंद्रात ५००. कारण सांगायचं नसतं, आधारची प्रत जोडायची नसते. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर फी माफ. हाताशी नसेल तर दहा रुपये भरून मोकळे व्हा, त्या दाखल्यामागे धावण्यात महिना जातो.

कलम २४ ला दोन खिडक्या आहेत आणि नकाराचं पत्र लिहिणारे त्यांचा उल्लेख सहसा करत नाहीत. भ्रष्टाचाराच्या आरोपांशी आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाशी संबंधित माहिती वगळलेली नाही. म्हणूनच आयबीतही जन माहिती अधिकारी असतो. भ्रष्टाचाराचा आरोप आयबीच्याच माणसावर असला पाहिजे असंही नाही; संजीव चतुर्वेदी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तसं स्पष्ट केलं. मानवी हक्कांच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि मुदत ३० नव्हे, ४५ दिवसांची. मंजुरीचं पत्र अर्जदाराने आणून जोडावं, असं कायदा कुठेही म्हणत नाही. कुणी काउंटरवर तसं सांगितलं तर लेखी मागा. पण नुसता ‘मानवी हक्क’ हा शब्द घालूनही भागत नाही. एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, न्यायालयाचा आदेश, मानवी हक्क आयोगाच्या तक्रारीचा क्रमांक, यातलं जे असेल ते जोडा. एखाद्या कुटुंबाकडे यातलं काहीच नसतं. त्यांनी आधी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करून तिची पोच तरी घ्यावी.

नकार आला की बरेच जण रागाच्या भरात थेट दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाला लिहितात. पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जातं, ३० दिवसांत. हे दिवस उत्तर हाती पडल्यापासून मोजायचे, पत्रावरच्या तारखेपासून नव्हे. म्हणून पाकीट फेकू नका, त्यावरचा शिक्का हाच पुरावा. उत्तरच आलं नाही तर मुदत संपल्यापासून मोजा. केंद्रात अपिलाला फी नाही. दुसरं अपील आयोगाकडे ९० दिवसांत. सोबत अर्ज, उत्तर, पहिलं अपील, त्यावरचा आदेश यांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि अनुक्रमणिका लागते. ती अनुक्रमणिका नाही एवढ्यावरून प्रकरण परत येऊ शकतं, अर्धं पान असतं ते, पण विसरू नका. सुनावणीला दिल्ली गाठायची गरज सहसा पडत नाही. नोटिशीत बहुधा आपल्याच जिल्ह्यातल्या एनआयसी (सरकारी संगणक सेवा) केंद्राचा पत्ता असतो, तिथून व्हिडिओवर बाजू मांडता येते.