कोंबडीखत म्हणजे शेणखत नव्हे

घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणांत किंवा कळवा-खारेगावच्या जुन्या वस्तीत ज्या घरांमागे अजून परस उरले आहे, तेथे चार-सहा गावठी कोंबड्या आणि भाजीचे दोन-चार वाफे बरेचदा जोडीनेच असतात. अशा परसात एक चूक सहज होते. शेणखत मिळाले नाही की तेवढ्याच पाट्या खुराड्यातले खत वाफ्यात पसरले जाते, कारण दोन्ही विष्ठेपासूनच झालेली, दोन्ही सेंद्रिय, म्हणून दोन्हींचे माप एकच असा आपला समज असतो. आमच्याकडेही एकदा असेच केले गेले आणि नुकतीच लावलेली वांग्याची रोपे आठवड्याच्या आत पानांच्या कडांपासून करपत गेली. पाणी कमी पडले असेल असे वाटून आम्ही पाणी वाढवले. दोष मात्र पाण्याचा नव्हता.

या दोन खतांतला फरक जनावराच्या शरीरातच सुरू होतो. गाय-म्हैस शेण आणि मूत्र वेगवेगळे टाकते. मूत्रातला नत्र (नायट्रोजन) बहुतेक गोठ्याच्या जमिनीत मुरतो आणि हाती येणाऱ्या शेणात न पचलेल्या चाऱ्याचा चोथा अधिक असतो. कोंबडीला वेगळे मूत्र नाही. तिच्या मूत्रपिंडातून निघालेले द्रव्य आणि आतड्यातली विष्ठा एकाच वाटेने, एकत्र बाहेर पडते. शिटेवर जो पांढरा थर दिसतो, ते युरिक आम्ल असते आणि कोंबडीखताचे बळ मुख्यतः त्यातच असते. ओलावा मिळाला की सूक्ष्मजीव या आम्लाचे युरियात आणि युरियाचे अमोनियात रूपांतर करतात. पावसाळ्यात खुराडे उघडताच डोळ्यांना झोंबतो तो हाच वायू, आणि आमच्या वांग्यांची कोवळी मुळे त्यानेच भाजली होती.

आकड्यांत सांगायचे तर कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण ०.५ टक्का असतो, तर कोंबडीखतात तो ३ टक्क्यांच्या आसपास जातो. स्फुरदही (फॉस्फरस) कितीतरी अधिक असते. म्हणजे एक पाटी कोंबडीखत टाकणाऱ्याने नत्राच्या हिशेबाने जवळजवळ सहा पाट्या शेणखत टाकलेले असते. त्यामुळे चौरस मीटरभर वाफ्याला शेणखत दोन-अडीच किलो चालते, तेथे पूर्ण कुजलेले कोंबडीखत पाव ते अर्धा किलो पुरते. कुंडीत शेणखत मातीच्या चौथ्या हिश्शाइतके मिसळता येते. कोंबडीखत मुठीनेच मोजावे.

मात्र कोंबडीखत जोरकस आहे म्हणून ते शेणखतापेक्षा श्रेष्ठ ठरत नाही, कारण दोघांची कामेच निराळी आहेत. शेणखतातला चोथा मातीत हळूहळू जिरतो, माती भुसभुशीत करतो आणि पाणी धरून ठेवतो. पाऊस संपल्यावर लवकर टणक होणाऱ्या आपल्या जमिनीला त्याची फार गरज असते. कोंबडीखत झाडाला पटकन पोसते, पण मातीचा पोत सुधारण्याइतके ते घालू गेल्यास रोपे जळतील. माझ्या मते परसबागेचा पाया शेणखताने किंवा पालापाचोळ्याच्या खताने घालावा आणि कोंबडीखत वरखतासारखे, म्हणजे उभ्या पिकाला वरून, बेताने द्यावे. माठ, पालक, अळू यांना ते मानवते. टोमॅटो-मिरचीला जास्त झाले तर झाड हिरवेगार माजते, फुले कमी धरते आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा ही रस शोषणारी कीड येते. मुळ्याचा पाला वाढतो आणि मुळा बारीक राहतो.

तण आणि किडींच्या बाबतीत उलटे चित्र दिसते. गुरांच्या पोटातून गवताचे बी पुष्कळदा न मोडता बाहेर येते आणि शेणखताबरोबर वाफ्यात उगवते, तर कोंबडीच्या पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटाच्या पिशवीत, ते बहुतेक दळले जाते. शिवाय अर्धवट कुजलेल्या शेणात मुळे खाणारी हुमणी अळी आणि नारळावरचा गेंड्या भुंगा वाढतो. ज्यांच्या परसात माड आहे त्यांनी उघडा उकिरडा माडाजवळ ठेवू नये.

कोंबडीखत कुजवणे अवघड नाही, त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. एक कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम ओली विष्ठा टाकते, म्हणजे चार कोंबड्यांची महिन्याला बारा किलो होते. खुराड्यात भाताच्या तुसाची गादी घातली तर विष्ठा कोरडी राहते आणि वासही आटोक्यात राहतो. शहापूर-मुरबाडकडच्या भाताच्या गिरण्यांमुळे तूस मिळणे आपल्याकडे तितकेसे कठीण नाही. मग एक घमेले विष्ठेला दोन-तीन घमेली सुका पाला घालून ढीग करावा आणि तो अधूनमधून खाली-वर करावा. मोठा ढीग ५५ अंशांच्या वर तापतो आणि त्यातले रोगजंतू मरतात. घरचा लहान ढीग तेवढा तापेलच असे नाही, म्हणून तेथे घाई करू नये. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, खाण्याचा भाग मातीला लागणाऱ्या पिकाला कच्चे खत द्यायचे असेल तर ते काढणीच्या १२० दिवस आधी द्यावे लागते. कोथिंबीर आणि मुळा आपण कच्चेच खातो, आणि कोंबडीच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा रोगजंतू असू शकतो, हे ध्यानात घेता त्या वाफ्यांना कच्चे खत देऊच नये.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ठाण्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उघड्या ढिगातला नत्र त्यात धुऊन जातो आणि उरलेला चिखल कुजण्याऐवजी सडतो. पत्रा किंवा ताडपत्री टाकून ढीग झाकावा, पण बाजूंनी हवा खेळती ठेवावी. खत तयार झाले की नाही हे पाहायला एका वाटीत मूठभर खत आणि तीन मुठी माती कालवून त्यात मेथीचे दाणे पेरावेत. आठवडाभरात मेथी सरळ, हिरवी वर आली तर खत वाफ्यात न्यावे. कोंब पिवळे पडले किंवा उगवणच झाली नाही तर ढीग पुन्हा झाकून आणखी महिनाभर ठेवावा.