जुन्या क्लॅरिनेटच्या आतली पोकळी

कित्येक वर्षं बंद राहिलेली क्लॅरिनेटची पेटी उघडली की आधी वास येतो. कुबट मखमल, जुनं बूच, थोडासा धातू. मग काळवंडलेल्या चाव्या दिसतात आणि हात आपोआप पॉलिशच्या डबीकडे जातो. तो आवरायचा. भोकं झाकणारे पॅड, स्प्रिंगा, बूच, फार तर एखादी चावीसुद्धा नव्याने बसवता येते. नळीच्या आतली पोकळी आणि तिच्यात पाडलेली भोकं मात्र बनवणाऱ्याने एकदाच ठरवलेली असतात. स्वर उमटतो तो त्या पोकळीतल्या हवेचा, म्हणून जुनं वाद्य आतून जोखायचं.

ही पोकळी रीडच्या, म्हणजे फुंकताना थरथरणाऱ्या पातळ पट्टीच्या, बाजूने जवळजवळ बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी असते. अशा नळीत मूळ स्वराच्या लहरीचा फक्त पाव भाग मावतो. बी-फ्लॅट या नेहमीच्या प्रकारच्या क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर सुमारे १४७ हर्ट्‌झचा आहे. त्याची तरंगलांबी साधारण २.३५ मीटर, म्हणजे पाव भाग ५९ सेंटिमीटरच्या आत-बाहेर. तेवढ्या आखूड नळीतून इतका खोल आवाज निघतो तो यामुळे. दोन्ही टोकं उघडी असलेली, तेवढ्याच लांबीची बासरी जवळजवळ सप्तकभर वर बोलते.

लांबी आणि स्वराचं हे नातं इतकं घट्ट आहे, की जुनं क्लॅरिनेट हाती आल्यावर मी आधी मोजपट्टी काढतो. स्वरांची पट्टी सगळीकडे पूर्वीपासून एकच नव्हती. ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्‌झचा धरावा, यावर १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत एकमत झालं. त्याआधी बऱ्याच बँडमध्ये तो ४५२ च्या आसपास किंवा त्याहूनही वर लावलेला असे. अशा उंच पट्टीच्या वाद्यांवर कधी ‘एच पी’ (हाय पिच) आणि आजच्या पट्टीच्या जवळ असलेल्यांवर ‘एल पी’ (लो पिच) ही अक्षरं ठोकलेली सापडतात. ४५२ आणि ४४० मध्ये अंतर सुमारे ४७ सेंटचं (एका अर्धस्वराचे शंभर सेंट), म्हणजे जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराइतकं. लांबीत हा फरक जेमतेम दीड सेंटिमीटरचा.

मग बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा आखूड तुकडा, दीड सेंटिमीटर बाहेर ओढून भागणार नाही का? नाही भागत, आणि का ते गणितातच दिसतं. उंच पट्टीच्या वाद्यात सगळी भोकं बंद असताना हवेचा स्तंभ ५७ सेंटिमीटरचा असतो; त्यात दीड मिळवले की खालचा स्वर हवा तेवढाच उतरतो. पण वरची भोकं उघडून वाजवायच्या स्वरांना स्तंभ २४ सेंटिमीटरचाच उरतो. तिथे त्याच दीड सेंटिमीटरने स्वर अर्धस्वराहूनही जास्त खाली येतो. खाली सूर जुळला तर वर बेसूर. भोकांच्या जागाच वेगळ्या प्रमाणात आखलेल्या असल्याने यावर इलाज नाही. पॅड, बूच सगळं नवं घालून झाल्यावर हे कळलं की फार वाईट वाटतं. वाद्यवृंदात बसून वाजवायचं असेल, तर मोजपट्टीनंतरच पैसे मोजावेत.

पुढची तपासणी लाकडाची. बहुतेक चांगली क्लॅरिनेटं आफ्रिकेतल्या काळ्या लाकडाची असतात. टांझानिया-मोझांबिककडचं हे झाड डालबर्जिया गटातलं, म्हणजे आपल्या शिसवाचं भावंड, आणि इतकं जड की पाण्यात बुडतं. पण लाकूड कितीही घट्ट असलं तरी ते दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आक्रसतं, शिवाय सगळीकडे सारखं आक्रसत नाही. तंतूंच्या लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. आडव्या दिशेत वर्षवलयांच्या कडेने पडणारा फरक केंद्राकडून बाहेर पडणाऱ्या फरकापेक्षा जास्त असतो. त्यामुळे गोल पाडलेली पोकळी वर्षानुवर्षांनी किंचित लंबगोल होते. दोन दिशांनी व्यास मोजला की हे कळतं. मोजमाप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत करावं लागतं, कारण पोकळीच्या घडणीतले फरकच तेवढे बारीक असतात. ‘बूझी अँड हॉक्स’ या कंपनीच्या प्रसिद्ध १०१० या मॉडेलची पोकळी सुमारे १५.२ मिलिमीटर रुंद. १९५५ मध्ये आलेल्या ‘ब्यूफे’ कंपनीच्या आर-१३ ची त्याहून अर्ध्या मिलिमीटरने अरुंद. एवढ्याशा फरकाने दोघांचा आवाज आणि सुरांची बसणी वेगळी होते.

तडा दिसला की लोक घाबरतात. फुंकरीतली गरम, ओलसर हवा आतलं लाकूड फुगवते, बाहेरचं कोरडंच राहतं, आणि हा ताण सहन झाला नाही की उभी चीर पडते. ती बहुधा वरच्या सांध्यात, म्हणजे नळीच्या वरच्या तुकड्यात, असते, कारण ओल तिथेच जास्त आणि भोकंही दाटीने. चीर वरवरची असेल तर आवाजाला काही होत नाही. ती भोकात शिरली किंवा पोकळीपर्यंत पोचली तर हवा गळते. त्यावरही उपाय आहे: चिरेच्या आडव्या दिशेने धातूच्या बारीक पिना घालून ती बांधून घेतात आणि फटीत लाकडाची पूड व सायनोॲक्रिलेट हा झटपट चिकटणारा गोंद भरतात. नीट दुरुस्त केलेलं वाद्य बिनधास्त घ्यावं. पुन्हा वाजवायला काढलेलं वाद्य पहिले काही दिवस मात्र दहा-पंधरा मिनिटांवर नेऊ नये.

काळं दिसलं म्हणजे लाकूडच असेल असंही नाही. गंधक घालून घट्ट केलेल्या रबराची, म्हणजे एबोनाइटची, जुनी क्लॅरिनेटंही पुष्कळ आहेत. उजेडाने ती हिरवट-तपकिरी होतात. हवामानाने त्यांना तडे जात नाहीत, ही त्यांची मोठी जमेची बाजू. ती आणि त्याच मालाचे माउथपीस (रीड बसवून तोंडात धरायचा भाग) गरम पाण्याने कधीही धुऊ नयेत. रंग जातो आणि आकार वाकतो. माउथपीसच्या टोकाचा आकार बिघडला, की उरलेलं वाद्य कितीही चांगलं असो, आवाज गेला.

चाव्या बहुधा जर्मन सिल्व्हरच्या असतात. त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. गंजलेले स्क्रू जोर लावून फिरवू नयेत, तेल सोडून दिवसभर थांबावं. यंत्रावर चकाकी आणताना कडा झिजतात आणि ठोकलेली नावं पुसट होतात, म्हणून मऊ फडक्यावर समाधान मानावं.

पॅड म्हणजे पुठ्ठ्यावर नमदा आणि वर पातळ पापुद्रा. नमद्याला बहुतेक वेळा कसर लागलेली असते. जुने पॅड लाखेने चिकटवत. आजही कारागीर लाखच पसंत करतात, कारण ती तापवली की मऊ होते आणि पॅड भोकावर सपाट बसेपर्यंत हलवता येतो. हे काम अचूक का हवं, ते क्लॅरिनेटच्याच एका खुबीवरून समजतं. डाव्या अंगठ्याची चावी दाबली की वरच्या बाजूचं जेमतेम तीन मिलिमीटरचं भोक उघडतं आणि स्वर एकदम तिप्पट कंपनसंख्येवर उडी घेतो. एका टोकाला बंद असलेल्या नळीत दुप्पट मिळत नाही, थेट तिप्पट. एवढंसं भोक हे करत असेल, तर नीट न बसलेला पॅडही नको तिथे तेच करणार. खालचे स्वर अडखळतात, चिरकतात आणि वाजवणारा उगाच रीडला दोष देतो. तपासायची रीत जुनीच आहे. सांध्याचं खालचं तोंड तळव्याने बंद करायचं, सगळी भोकं झाकायची आणि वरून हवा ओढायची. काही क्षण ओढ टिकली आणि ओठ काढताना ‘टप्’ असा आवाज आला, की वाद्य हवाबंद झालं.

अठराव्या शतकातली, मोजक्या चाव्यांची, बॉक्सवुड नावाच्या लाकडाची क्लॅरिनेटं यात धरायची नाहीत. त्यांना तेल, पॅड, पिना, काहीच नको, आणि फुंकर तर नकोच. एका ओलसर संध्याकाळी ती फुटू शकतात. संग्रहालयं ती ठरावीक आर्द्रतेत ठेवतात. कारागीर तिथे जाऊन त्यांची पोकळी इंचाइंचाने मोजून घेतात, आणि त्या मापांवरून नव्या लाकडात तीच पोकळी पुन्हा पाडतात.