आधी १०० दाणे, मग पेरणी : सॉफ्टवेअरचा माणूस कसा निवडावा

वणी-पांढरकवड्याकडचे कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले, पतसंस्थांचे संचालक आम्हा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना हमखास विचारतात, "सॉफ्टवेअर बनवणारा चांगला पोरगा ओळखायचा कसा?" प्रश्न खरंच अवघड आहे. बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. गवंड्याची भिंत तिरपी झाली तर ओळंबा लगेच सांगतो. प्रोग्रामची मात्र फक्त स्क्रीन दिसते, आणि पहिल्या दिवशी कच्चं काम पक्क्यासारखंच दिसतं.

एका कृषी केंद्रात पाहिलेलं सांगतो. मृगाची गर्दी होती. पऱ्हाटीच्या दोन पाकिटांचं बिल बनता बनता लाइन गेली. परत आली तेव्हा बिल नोंदलेलं होतं, पण साठ्यातून पाकिटं कमी झालीच नव्हती. हंगामभर असं होत राहिलं. शेवटी रजिस्टर आणि गोदाम जुळेना, आणि मालकांचा संशय गेला गोदामावरच्या माणसावर. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. बिल आणि साठा, दोन्ही नोंदी सोबतच व्हाव्यात, नाहीतर एकही होऊ नये, अशी बांधणी प्रोग्रामात करावी लागते. ती केलेलीच नव्हती. स्क्रीन देखणी होती, म्हणून कोणाला शंकाही आली नाही.

घरचं सोयाबीन पेरण्याआधी आपण ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवतो आणि ७० तरी उगवले तरच ते बियाणं धरतो. सॉफ्टवेअरच्या माणसाचीही तशीच उगवण तपासा. आठवड्याभराचं छोटं काम द्या आणि त्याचे पैसेही द्या. चाचणीच्या नावाखाली फुकट राबवणं आम्हाला पटत नाही. तुमचीच जुनी १०० बिलं त्याच्यापुढे ठेवा. त्यात उधारी असू द्या, परत आलेला माल असू द्या, मुदत संपलेली औषधं असू द्या. मग बिल बनत असताना चाचणीच्या कॉम्प्युटरची वायर काढा आणि दोन्ही नोंदी पाहा.

तो काय विचारतो, तेही ऐका. "शेतकऱ्यानं पाकीट परत आणलं तर जुनं बिल रद्द करायचं, की नवीन नोंद घ्यायची?" असं विचारणारा कामाचा. पहिल्याच भेटीत "होऊन जाईल" म्हणत भाव सांगणाऱ्याला काम देण्याची घाई करू नका.

कागदही पक्का करा. पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार मालकाचा असतो. ठेक्यानं करून घेतलेल्या प्रोग्रामचा हक्क मात्र लेखी करून घेतल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही, पूर्ण पैसे दिले तरी. त्या लेखी करारात मुदत लिहिली नाही, तर हक्क ५ वर्षांपुरताच धरला जातो. सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रामच्या मूळ लिखाणाची, प्रत आणि सगळे पासवर्ड तुमच्या हाती हवेत, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्या नावावर हवं. काम आम्हाला दिलं तरी हे सगळं आमच्याकडून लिहून घ्या.

माणूस दुसरा निवडायचा असला तरी चाचणीच्या दिवशी आम्हाला बोलवा. तासभर शेजारी बसून पाहू, त्याचे पैसे घेत नाही. फक्त उन्हाळ्यातच बोलवा. मृग लागला की तुम्हाला दुकानातून मान वर करायला फुरसत नसते.