रत्नागिरीतली तीन घरं : फेरीला येण्यापूर्वी

नमस्कार. फेरीसाठी नाव नोंदवलंत, आभार. निघण्यापूर्वी एवढं वाचून या, म्हणजे घरासमोर उभं राहिल्यावर पाहायला वेळ मिळेल.

आपण तीन घरं पाहणार आहोत. ती ज्यांच्यामुळे ओळखली जातात, त्यांपैकी कुणाच्याच मालकीची ती नव्हती.

सुरुवात टिळक आळीतून. मूळचे चिखलगावचे गंगाधरपंत टिळक शाळेतल्या नोकरीमुळे रत्नागिरीत भाड्यानं राहत होते. इथेच २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला. १८६६ मध्ये वडिलांची बदली पुण्याला झाली आणि बिऱ्हाड हललं. घर कौलारू, उतरत्या छपराचं. आमच्याकडचा पाऊस सोसायचा तर छप्पर असंच लागतं.

वाटेत एखाद्या गडग्याजवळ, म्हणजे दगडी कुंपणाजवळ, थांबून जांभ्या दगडाच्या चिऱ्यावरून हात फिरवा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारं लागलं की कडक होतो. घडवतानाचे तिरके घाव अजून बोटांना लागतात.

सर्वांत जास्त वेळ आपण थिबा राजवाड्यात घालवतो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये मद्रासहून रत्नागिरीला आणलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. हा वाडा बांधून झाला १९१० मध्ये. तोवरची चोवीस वर्षं राजा, राण्या आणि चार मुली बंगल्यांतून राहिल्या. म्हणजे त्याच्या वाट्याला राजवाडा आला तो जेमतेम सहा वर्षं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. समाधी शिवाजीनगरात आहे, तिथेही जाऊ. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. तिनं इथल्याच माणसाशी संसार केला होता, तिची मुलगी इथेच मराठी बोलत वाढली. आम्हाला राजाइतकीच तिचीही गोष्ट सांगावीशी वाटते.

शेवटी शिरगाव. जानेवारी १९२४ मध्ये सावरकरांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्हा न सोडण्याच्या अटीवर. शहरात प्लेग आला तेव्हा ते शिरगावला दामल्यांच्या घरी राहिले. स्थानबद्धता १९३७ पर्यंत चालली. त्याच काळात, १९३१ मध्ये, सावरकरांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून सर्व जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर उभं राहिलं. परतताना तेही पाहू.

चपला सहज काढता येतील अशा घाला. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा काठी आमच्याकडून घ्या. वाटेतल्या घरांत माणसं राहतात. ओटीवर कुणी दिसलं तर आधी विचारा, मग फोटो काढा. राजवाड्यातलं संग्रहालय त्या दिवशी उघडं आहे ना, हे आम्ही आदल्या संध्याकाळी फोन करून कळवू.