एकतीस डिसेंबरची खोली आणि दोन पाहुणे

कळंगुटच्या एखाद्या छोट्या हॉटेलाचं बुकिंग सॉफ्टवेअर घ्या. पाहुणा दिवाळीत येतो, पुन्हा कार्निव्हलला येतो. सगळं एकाच टेबलात, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यात, कोंबलं असेल तर त्याचा फोन दोनदा लिहिला जातो. मधेच नंबर बदलला की खरा कुठला, हे टेबल सांगू शकत नाही. एकेक माहिती एकाच जागी ठेवायची ही शिस्त, म्हणजे नॉर्मलायझेशन, आयबीएमच्या एडगर कॉड यांच्या १९७० सालच्या रिलेशनल मॉडेलमधून, म्हणजे माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीतून, आली. पाहुणे वेगळ्या टेबलात, खोल्या वेगळ्या, बुकिंग वेगळं. इथवर कुठलंही पाठ्यपुस्तक नेतं.

खरी गोम तारखांत आहे. बुकिंगच्या ओळीत 'पासून' आणि 'पर्यंत' लिहिलं, तर २९ ते १ आणि ३१ ते ३ हे दोन वेगळेच मुक्काम दिसतात. साधी युनिकची अट, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारी, त्यांना अडवत नाही आणि एकतीस डिसेंबरच्या रात्री एकाच खोलीसमोर दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी राहतात. त्याऐवजी एका खोलीची एक रात्र म्हणजे एक ओळ धरा. खोली क्रमांक आणि तारीख ही जोडी युनिक केली की दुसरं बुकिंग डेटाबेसच नाकारतो.

याच ओळीत त्या रात्रीचा दर आणि कराचा टक्काही लिहावा. दर खोल्यांच्या टेबलात असताना पुन्हा इथे कशाला, असं शिस्तप्रिय माणूस विचारील. पण तो दर आजचा, हा त्या रात्रीचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. टक्का एकाच जागी ठेवून तिथेच खोडून बदलला असता, तर ऑगस्टचं बिल पुन्हा छापताना कमी रकमेचं निघालं असतं.

मडगावात अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट देणाऱ्याला मात्र रात्रीची ओळ नको. एका करारापायी तीनशेवर ओळी कोण सांभाळणार? तिथे 'पासून-पर्यंत'च बरं. तारखा एकमेकांवर चढू नयेत अशी अट पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये घालता येते, थोडी किचकट आहे एवढंच.

मालकाला मे महिन्यात पाच वर्षांचा हिशोब हवा असेल, तर तो काउंटरवरचं रोजचं बुकिंग ज्यांत होतं त्या टेबलांवर चालवू नका. रात्री वेगळी प्रत काढा. तिथे पाहुण्याचं राज्य, खोलीचा प्रकार, हंगाम हे सगळं प्रत्येक ओळीत खुशाल पुन्हा लिहा. त्या ओळी नंतर कोणी बदलत नाही.